पाळकाच्या मनाचा सांभाळ

प्रश्न : चऱ्होलीतील लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक सतत थकलेले व अबोल दिसतात. मंडळीने त्यांना कोणता आधार द्यावा?

उत्तर : चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या सभासदांची आजारपणे, घरगुती कलह आणि अंत्यविधी एकाच पाळकावर येतात, तेव्हा ‘बर्नआउट’, म्हणजे दीर्घ ताणातून येणारा भावनिक रितेपणा, उद्भवू शकतो; ती श्रद्धेची उणीव मानू नये. मार्काच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू दमलेल्या शिष्यांना एकांतात विसावा घेण्यास सांगतो, म्हणून आठवड्यातील एक सुटीचा दिवस मंडळीच्या पंचांनी ठरवून द्यावा आणि रविवारची उपासना हे अर्ध्या दिवसाचे कामच धरावे. आत्मिक मार्गदर्शन, म्हणजे अनुभवी व्यक्तीशी प्रार्थनाजीवनाविषयी होणारा नियमित, गोपनीय संवाद, मंडळीबाहेरील ज्येष्ठाकडून मिळाल्यास पाळकास मोकळेपणाने बोलता येते. हा आधार केवळ पाळकापुरता नसावा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. अशा निर्णयांची झळ कुटुंबालाही कशी लागते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावरून कळते, त्यामुळे पाळकाचे मानधन व मुलांचे शिक्षण यांचाही विचार व्हावा. उदासी वा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून, प्रार्थना व उपचार परस्परांस पूरकच ठरतात.