हरला म्हणून प्यायला, की प्यायला म्हणून हरला?

प्रश्न : ब्रिटिश बॉक्सर रिकी हॅटनविषयी वाचलं. जगज्जेता होण्याइतकी कडक शिस्त पाळणारा माणूस दारू आणि कोकेनच्या नादी कसा लागतो? पराभव पचला नाही म्हणून का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या शिस्तीविषयी. बॉक्सरची शिस्त बारमाही नसते, ती तारखेला बांधलेली असते. लढत ठरली की दहा-बारा आठवडे पहाटेचं पळणं, मोजून खाणं, वजन उतरवणं. लढत संपली की पुढची तारीख ठरेपर्यंत मोकळं रान. क्रिकेटपटूला निदान परवाचा सामना असतो; अव्वल बॉक्सर वर्षातून दोन-तीनदाच रिंगमध्ये उतरतो.

हॅटन या मोकळ्या रानाचा राजा होता. काट्यावर उभं राहताना साडेत्रेसष्ट किलोंत बसणारा हा गडी मधल्या महिन्यांत दहा-पंधरा किलोंनी सुटायचा. पब, बिअर, दोस्तमंडळी. लोक हॅटनचं 'फॅटन' करून चिडवायचे आणि तो ते मजेत मिरवायचा. 2008 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, पन्नास हजारांवर प्रेक्षकांपुढे, तो चक्क ढेरपोट्या माणसाचा फुगवलेला पोशाख घालून रिंगकडे चालत आला. ते दृश्य आता हसत बघवत नाही.

लोकांना तो आपला वाटायचा, कारण होताच तसा. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या हॅटर्सली या कामगार वस्तीत वाढलेला, एकेकाळी घरोघरी गालिचे बसवणारा. 5 जून 2005 ला, अमेरिकन टीव्हीच्या सोयीसाठी मध्यरात्र उलटून गेल्यावर, मँचेस्टरमध्ये त्याची तेव्हाचा जगज्जेता कोस्त्या त्झूशी गाठ पडली. अकरा फेऱ्या हॅटननं त्याला असं रेटलं, की बाराव्या फेरीसाठी त्झूच्या प्रशिक्षकानं आपल्या माणसाला उठूच दिलं नाही. हॅटनचं हुकमी हत्यार म्हणजे डाव्या हाताचा, बरगड्यांखाली यकृतावर बसणारा ठोसा. डोक्यावरचा मार माणूस कधी कधी झेलून उभा राहतो, पण यकृतावर नीट बसला तर पाय आपोआप दुमडतात, तिथे जिद्दीचं काही चालत नाही.

मग डिसेंबर 2007. सलग 43 लढती जिंकलेला हॅटन लास वेगासमध्ये फ्लॉइड मेवेदरपुढे दहाव्या फेरीत पडला. मे 2009 मध्ये मॅनी पॅकियाओनं त्याला दुसऱ्याच फेरीत बेशुद्ध पाडलं. मेवेदरकडून हरल्यापासूनच आपण आतून खचत गेलो, हे त्यानं पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं. जुन्या प्रशिक्षकाशी फाटलं, आई-वडिलांशी बोलणं तुटलं. 2010 मध्ये कोकेनचं प्रकरण वर्तमानपत्रात आलं, तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला, ब्रिटिश बॉक्सिंग मंडळानं परवाना काढून घेतला.

म्हणजे पराभवच कारण? इथे दुसऱ्या ब्रिटिश बॉक्सरकडे, टायसन फ्युरीकडे बघा. त्यानं नोव्हेंबर 2015 मध्ये ड्युसेलडॉर्फला व्लादिमीर क्लिच्कोला हरवलं, जगातला सर्वांत मोठा पट्टा मिळवला, आणि दारू, कोकेन व नैराश्यात बुडाला तो त्यानंतर. जिंकून! वर्षभरात किताब गमावून बसला. अमेरिकन बॉक्सर शुगर रे लेनर्डच्या बाबतीत कारण ना हार होती ना जीत. डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्यामुळे 1982 मध्ये त्याला थांबावं लागलं, आणि त्या रिकामपणात कोकेन आलं. 1991 मध्ये त्यानं पत्रकारांसमोर ते कबूल केलं. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण खड्डा एकच: उद्या पहाटे उठायला कारण उरलेलं नाही. हॅटनच्या बाबतीत दारू तर जिंकण्याच्या दिवसांतही होती. फक्त तेव्हा पुढची तारीख तिला आवर घालायची. या सगळ्याखाली डोक्याला वर्षानुवर्षं बसलेला मारही धरायला हवा. बॉक्सरच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो, हे हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरनं 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्या माराचा परिणाम स्मरणशक्तीइतकाच मनःस्थितीवरही होऊ शकतो.

हॅटन 24 नोव्हेंबर 2012 ला परत आला, मँचेस्टरमध्येच, युक्रेनच्या व्याचेस्लाव सेनचेन्कोसमोर. तिकिटं हातोहात गेली. नवव्या फेरीत सेनचेन्कोचा डावा हात त्याच्या बरगड्यांखाली घुसला. त्याचाच ठोसा, त्याच्याच गावात, त्याच्यावर. गुडघ्यांवर बसल्या बसल्या दहा आकडे मोजून झाले, आणि त्याच रात्री त्यानं निवृत्ती जाहीर केली. 48 लढतींत 45 विजय. त्यानंतर तो इतरांना शिकवू लागला, मनाच्या आजाराविषयी न लाजता बोलू लागला, 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

14 सप्टेंबर 2025 ला तो हाइडमधल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. वय 46. वर मी तारखेचं एवढं गणित मांडलं, पण ते इथे जुळत नाही: त्याच डिसेंबरात दुबईत त्याची लढत ठरलेली होती, आणि तो त्यासाठी पुन्हा सराव करत होता.