चांदीच्या डबीत ठेवतात तरी काय?

प्रश्न : भाचीने मोरोक्कोतल्या मराकेशच्या बाजारातून चांदीचं एक लटकन आणलं. लटकन कसलं, बोटाच्या पेराएवढी डबीच! बिजागरीचं झाकण आणि अंगभर बारीक भोकं. दुकानदार म्हणे, 'कस्तुरीची डबी'. खरंच हिच्यात कस्तुरी ठेवत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ज्याला परवडे, तो ठेवी. नाहीतर लवंग, केशर अशा पदार्थांचा सुगंधी गोळा किंवा अत्तरात भिजवलेली लोकर. आपल्याकडे कानात अत्तराचा फाया ठेवतात, तीच ही युक्ती. डबी छातीवर रुळते, अंगाच्या उबेने सुगंध सुटतो आणि भोकांतून थोडा थोडा बाहेर येतो. कस्तुरी आणि अंबर (स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा मेणचट पदार्थ) यांचे सुगंधी रेणू सावकाश उडतात, म्हणून एवढ्याशा तुकड्यावरही बरेच दिवस निभतं.

यातली कस्तुरी येई हिमालय आणि मध्य आशियाच्या बाजूने, कस्तुरीमृगाच्या नराच्या ग्रंथीतून. एका ग्रंथीत ती जेमतेम २५ ग्रॅम भरते. साहजिकच डबीच्या चांदीपेक्षा आतला माल महाग पडे. पुढे १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांनी कृत्रिम कस्तुरी केली आणि हा सुगंध आवाक्यात आला. आज मोरोक्कोच्या बाजारात 'कस्तुरी' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वड्या बहुधा मेण आणि कृत्रिम सुगंधाच्या असतात.

मोरोक्कोच्या ग्रामीण अमाझिग (बर्बर) बायकांचा मुख्य दागिना सोन्याचा नव्हे, चांदीचा. पूर्वी चांदीची नाणी वितळवूनही तो घडवत. दक्षिणेकडचं तिझनित हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. हिरव्या-पिवळ्या मिन्याचं काम ही तिथली ओळख. कारागिरांत ज्यू सोनार पुष्कळ होते. त्यांतले बहुतेक १९४८ नंतरच्या दोन दशकांत देश सोडून गेले.

मात्र मोरोक्कोतली प्रत्येक चांदीची डबी सुगंधाची नसते. कुराणातल्या आयती लिहिलेला कागद घडी करून ठेवायच्या ताइताच्या डब्याही तिथे घालतात. कागदाला भोकांची गरज नाही, सुगंधाला आहे. तेव्हा तुमच्या दुकानदाराचं म्हणणं पटण्याजोगं आहे.

डबी वापरायची तर कापसावर दोन थेंब अत्तर घ्या आणि तो कापूस आत ठेवा. अत्तर थेट ओतलंत तर भोकांतून कपड्यांवर डाग पडतील. नक्षीतला काळेपणा मात्र रसायनाने घालवू नका. काही दागिन्यांत तो मळ नसून मुद्दाम भरलेलं काम असतं.