गाईचे दहा लिटर, म्हशीचे पाच, फॅट किती?

प्रश्न : आमच्याकडे दोन गाई आणि एक म्हैस आहे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट लागते, म्हशीच्या ६.५. परवा दुसरा कॅन हाताशी नव्हता, म्हणून गाईचे १० लिटर आणि म्हशीचे ५ लिटर एकत्र घालून केंद्रावर नेले. मशीनवर फॅट आली ४.५. साडेतीन आणि साडेसहाची सरासरी पाच होते, मग अर्धा पॉइंट गेला कुठे? पोलीस भरतीचा अभ्यास करणारी माझी मुलगी म्हणते, मशीन बरोबर आहे. तिने कागदावर चौकट आखून, तिरक्या वजाबाक्या करून तेच उत्तर काढूनही दाखवले. पण वजाबाकी तिरकीच का करायची, हे तिला क्लासमध्ये कुणी सांगितलेले नाही. तुम्ही सांगाल का?
– एक वाचक, ता. फलटण

उत्तर : मुलीचे बरोबर आहे आणि मशीनचेही. तुम्ही काढलेली पाचची सरासरी खरी ठरली असती, जर दोन्ही दुधे सारख्याच मापाची असती तर. इथे गाईचे दूध दुप्पट आहे, म्हणून उत्तरही गाईच्या आकड्याकडे ओढले जाणार.

आधी टक्के विसरा आणि प्रत्यक्ष फॅट मोजा. हिशेब सोपा जावा म्हणून लिटरऐवजी किलो धरू. गाईच्या १० किलो दुधात ३५० ग्रॅम फॅट आहे, म्हशीच्या ५ किलोत ३२५ ग्रॅम. एकूण १५ किलोत ६७५ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ४५ ग्रॅम, म्हणजेच ४.५ टक्के. फॅट कुठे गेली नाही, कुणी काढूनही घेतली नाही. (एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडे जास्त भरते, पण गाईच्या आणि म्हशीच्या दुधाच्या घनतेतला फरक इतका थोडा आहे की या उत्तरावर त्याचा परिणाम होत नाही.) प्रत्येक आकड्याला त्याच्या वाट्याच्या वजनाने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचे, याला भारित सरासरी म्हणतात. मिश्रणाचे प्रत्येक गणित मुळात एवढेच असते.

पैशांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो तुमच्या मनात असणारच. फॅट वाया गेली नाही याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होत नाही. दर जर प्रत्येक पॉइंटला सारखाच वाढत असता, तर दूध वेगळे घातले काय नि एकत्र घातले काय, रक्कम तीच आली असती. पण गाईच्या आणि म्हशीच्या दुधाची दरपत्रके वेगवेगळी असतात. मिश्र दूध कोणत्या पत्रकात बसवले यावर तुमची रक्कम ठरते. त्या दिवशीची पावती काढा, दोन्ही दुधांची वेगवेगळी रक्कम मांडून ताडून बघा, आणि शक्यतो दूध एकत्र करू नका.

आता तिरक्या वजाबाकीकडे. मिश्रणाची फॅट ४.५ धरा. म्हशीच्या प्रत्येक किलोजवळ त्याहून २ पॉइंट जास्त आहेत, गाईच्या प्रत्येक किलोला १ पॉइंट कमी पडतो. म्हशीच्या दुधातली ज्यादा फॅट गाईच्या दुधातली तूट भरून काढते आणि दोन्हीकडचा हिशेब शून्यावर येतो. म्हशीचा एक किलो २ पॉइंट देऊ शकतो, म्हणजे तो गाईच्या २ किलोंची तूट भरतो. म्हणून म्हशीच्या बाजूने आलेला फरक, २, हा गाईचा वाटा होतो. आणि गाईच्या बाजूने आलेला फरक, १, हा म्हशीचा. चौकटीत जी रेघ तिरकी जाते ती यामुळेच. ज्याच्याजवळ ज्यादा फार, ते थोडेच पुरते. मुलीला ही गोष्ट समजली, की चौकट पाठ करायची गरज उरणार नाही. परीक्षेत विसरली तरी ती मिनिटभरात पुन्हा उभी करता येईल.

हीच चौकट दुग्धशास्त्राच्या पुस्तकांत पिअरसनच्या नावाने शिकवतात. पण तिच्यामागचा नियम त्याहून फार जुना आहे, आणि तो आपल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत स्वच्छ मांडलेला आहे. लीलावती ११५० ची. तिच्यात सोन्याच्या कसाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. शुद्ध सोने तिथे १६ वर्णांचे धरतात. एक उदाहरण असे : १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन एकत्र आटवले, तर कस किती? १३० अधिक ४८ अधिक २२ अधिक ४०, म्हणजे २४०. एकूण वजन २० मासे. कस १२ वर्णांचा. तुमच्या कॅनचाच हिशेब. भास्कराचार्य पुढे विचारतात, हे वीस मासे तापवून, हीण जाळून १६ मासे उरले तर? सोने तेवढेच राहिले, वजन घटले. २४० भागिले १६, कस १५. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण कशाचा गुणाकार कायम राहतो आणि काय बदलते, हे तो एका फटक्यात दाखवतो. त्याच प्रकरणात उलटा प्रश्नही आहे : १६ आणि १० वर्णांच्या दोन गोळ्यांपासून १२ वर्णांचे सोने झाले, तर प्रत्येक गोळीचे वजन सांग. १६ वजा १२, चार, हा हलक्या सोन्याचा वाटा. १२ वजा १०, दोन, हा भारी सोन्याचा. नियमात वजाबाकी अशी तिरकीच सांगितली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. दुधाच्या कॅनवरून सुरू झालेला प्रश्न तिथवर पोचतो, हे मुलीला जरूर सांगा.

चौकटीची एक मर्यादाही सांगतो. ती एका वेळी एकाच घटकाचा हिशेब करते. दुधात फॅटबरोबर एसएनएफही असते, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ : प्रथिने, साखर, क्षार. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी टोन्ड दुधाची कल्पना आणली, तेव्हा त्यांच्यापुढे नेमके हेच दुहेरी गणित होते. (त्यांना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.) म्हशीचे दूध भरपूर फॅटचे आणि महाग, तेच जास्त लोकांना पुरवायचे होते. समजा ७ फॅट आणि ९ एसएनएफचे ३०० किलो दूध आहे आणि ३ फॅटचे टोन्ड दूध करायचे आहे. चौकट सांगते, ३ भाग दूध आणि ४ भाग बिनफॅटचे काहीतरी, म्हणजे एकूण ७०० किलो. ते काहीतरी म्हणजे नुसते पाणी घातले, तर फॅट बरोबर येते, पण एसएनएफचे २७ किलो ७०० किलोत पसरून ३.९ टक्क्यांखालीच राहतात. टोन्ड दुधाला ८.५ टक्के हवे, म्हणजे ५९.५ किलो. कमी पडणारे ३२.५ किलो स्किम दूध पावडरीतून भरायचे. पावडरीतला ओलावा धरला तर साधारण ३४ किलो पावडर आणि उरलेले ३६६ किलो पाणी. फॅटचे एक कोष्टक, एसएनएफचे दुसरे, आणि दोन्ही एकाच वेळी जुळवायची. केंद्रावर फॅटबरोबर लॅक्टोमीटरची डिग्री का बघतात, तेही यातूनच उलगडते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या १० किलो दुधात एक किलो पाणी पडले, की दोन्ही आकडे एकाच प्रमाणात घसरतात : फॅट ३.२ च्या आसपास, एसएनएफ ७.७. साय काढली असेल, तर फॅट घसरते पण एसएनएफ घसरत नाही.

मुलीसाठी आता एक सापळा, जो भरतीच्या पेपरांत वारंवार येतो. एका भांड्यात दूध आणि पाणी ३:१, दुसऱ्यात ५:३. दोन्हींतले सारखेच मिश्रण घेऊन एकत्र केले, तर प्रमाण किती? पुष्कळ मुले ३ आणि ५ मिळवून ८, १ आणि ३ मिळवून ४, म्हणून २:१ लिहून मोकळी होतात. उत्तर ११:५ आहे, कारण पहिल्यात दूध तीन चतुर्थांश, दुसऱ्यात पाच अष्टमांश, आणि त्यांची सरासरी ११/१६. मग २:१ पूर्ण चूक का? नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. ३:१ चे ४ लिटर आणि ५:३ चे ८ लिटर घेतले, तर बरोबर २:१ येते; नुसती बेरीज करताना आपण नकळत तेवढेच लिटर धरून बसतो. चौकट लावतानाही प्रमाण थेट न मांडता दुधाचा अपूर्णांक मांडायचा : ३/४, ५/८ आणि मधे २/३. फरक १/१२ आणि १/२४. उलटून मांडले की १:२, म्हणजे तेच ४ लिटर आणि ८ लिटर.

वेगाच्या गणितात हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. जाताना ताशी ४० आणि येताना ६० किलोमीटर, तर सरासरी ५० नव्हे, ४८. इथले वजन अंतराचे नसून वेळेचे आहे, आणि ४० च्या वेगाने जाण्यात तीन भाग वेळ जातो तेव्हा ६० च्या वेगाने येण्यात दोनच. मुलीने प्रत्येक गणित हाती घेताना आधी एवढेच ठरवावे, की आकड्याला गुणायचे कशाने : लिटरने, रुपयांनी की तासांनी.