ई-पुस्तकांचा संग्रह

ग्रंथसंग्रह म्हटला की पुस्तकांनी भरलेले कपाट डोळ्यांसमोर येते. ई-पुस्तकांच्या संग्रहाला कपाट लागत नाही; व्यवस्था मात्र लागते, आणि तिचे मूळ ठिकाण ई-रीडर नव्हे, तर आपला संगणक असावा. असे का, हे जुलै २००९ मधील एका घटनेवरून ध्यानात येते. त्या महिन्यात ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर काढून टाकल्या. त्या आवृत्त्या विकणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते. ग्राहकांना पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. परंतु अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे मजकुराअभावी निरुपयोगी ठरली. त्यांपैकी एक कादंबरी जुने लिखाण नष्ट करणाऱ्या राजसत्तेविषयी आहे, हा योगायोग विलक्षणच!

म्हणून मूळ प्रत संगणकावर ठेवावी व तिची आणखी एक नक्कल अन्यत्र असावी. संग्रहाच्या मांडणीसाठी कॅलिबर हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपयोगी पडते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये त्याची निर्मिती सुरू केली. त्यात प्रत्येक पुस्तकाचे शीर्षक, लेखक व भाषा नोंदवता येते. नोंदींत एकवाक्यता हवी. एका पुस्तकावर ‘ह. ना. आपटे’ आणि दुसऱ्यावर ‘हरि नारायण आपटे’ असे असेल, तर यंत्राच्या लेखी ते दोन लेखक होत.

फाइलचा प्रकारही पाहावा लागतो. ईपब फाइलमधील मजकूर पडद्याच्या आकारानुसार मांडला जातो. पीडीएफचे पान मात्र जसेच्या तसे राहते. जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ पुष्कळदा पानांची छायाचित्रे असतात, किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. त्यांचे रूपांतर केल्यास अक्षरांचा गोंधळ होतो. अशी पुस्तके मोठ्या पडद्यावरच वाचलेली बरी.

केबलने पाठवलेली ईपब फाइल किंडलवर उघडत नाही. कॅलिबर तिचे आधी योग्य प्रकारात रूपांतर करते. पुस्तके पाठवून झाली की लगेच केबल काढू नये. किंडलवरील टिपणे ‘माय क्लिपिंग्ज’ या फाइलमध्ये साठतात. तीही त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी.

कृती : आपल्या संग्रहातील एकाच लेखकाची दोन पुस्तके निवडा व त्यांच्या नोंदी तपासून एकसारख्या करा.