मिग वेल्डिंगचे सेटिंग

अंधेरीच्या साकीनाक्याला जाणते वेल्डर आधी भंगार तुकड्यावर रेघ ओढून बघतात. उसाच्या ट्रॉलीचा पत्रा घरी जोडताना आपणही तेच करू. वायरचा वेग वाढवला की करंट वाढतो; व्होल्टेज वाढवले की रेघ पसरते. ३ मि.मी. पत्रा, ०.८ मि.मी. वायर आणि सीओटू गॅस असेल तर १९-२० व्होल्ट, मिनिटाला सुमारे ६ मीटर वायर, इथून सुरुवात करावी. वायर गनला मागे रेटते? वेग कमी करा. जळून टिपलाच चिकटते? वाढवा. बारीक, फुगीर रेघ दिसायला झकास, पण तुकडा वाकवला की सुटते. गावात पंप सुरू झाले की लाइन पडते. मग सकाळचे सेटिंग चालत नाही, पुन्हा तुकडा घ्यावा. ट्रॉलीचा हुक मात्र आम्ही घरी जोडू देणार नाही. भरल्या ट्रॉलीचा सगळा ओढा त्यावर असतो.