कंट्रोल रूममधली बॅटरी: कोटेशनमध्ये नसलेला खर्च

तारापूर, लोटे, पाताळगंगा या औद्योगिक पट्ट्यांत सॉल्व्हंट हाताळणारे कारखाने पुष्कळ. तिथे यूपीएसची बॅटरी बँक अनेकदा कंट्रोल रूममध्येच, पॅनेलमागच्या रॅकवर ठेवतात. जागा हाताशी आणि एसी आयता! खरेदी खातं घासाघीस करतं ती फक्त बॅटरीच्या दरावर.

तो दर आधी बघू. १२ व्होल्ट, १०० एएचची एसएमएफ (सील्ड मेंटेनन्स-फ्री) बॅटरी ढोबळमानाने ८ ते १२ हजारांना पडते. १६ बॅटऱ्यांची बँक म्हणजे सव्वा ते दोन लाख, कर वेगळा. कंपनी सांगते ते आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून असतं. त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. ५ वर्षांची बँक ३५ अंशांवर अडीच वर्षांत बदलावी लागली, तर वर्षाचा खर्च दुप्पट.

आता धोक्याचं. ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटरीलाही व्हॉल्व्ह असतो. चार्जर बिघडून ओव्हरचार्ज झालं की त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगी पुरते. आयईसी ६२४८५-२ च्या सूत्राने वरच्या बँकेला बूस्ट चार्जिंगवेळी ताशी सुमारे ३.८ घनमीटर ताजी हवा लागते. एवढी हवा लहानसा पंखाही देईल. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, आणि ताज्या हवेचा डॅम्पर वीजबिलापायी कोणी तरी बंद करून ठेवलेला असतो.

भिंतीत नुसती जाळी बसवून भागत नाही, कारण बाहेर झोन आहे, म्हणजे ज्वलनशील वाफेचा धोकादायक भाग. सॉल्व्हंटची वाफ जड, ती जमिनीलगत राहते. हायड्रोजन हलका, तो छताला जातो. म्हणून हवा सुरक्षित भागातून डक्टने आत घ्यायची आणि छतालगत बाहेर सोडायची. खरा पैसा या डक्टला लागतो. पंखा घेताना त्याचा स्फोटरोधक गॅस गट तपासा. टोल्युइन, ॲसिटोनसाठी आयआयए गटाची उपकरणं चालतात. हायड्रोजनच्या वाटेत आयआयसी हवं, आणि ते महाग. हायड्रोकार्बनसाठी बसवलेल्या इन्फ्रारेड डिटेक्टरला हायड्रोजन दिसतच नाही. त्यासाठी वेगळा सेन्सर आणि त्याच्या कॅलिब्रेशनचा दरवर्षीचा खर्च धरा.

एक गोष्ट मात्र पंख्याने सुटत नाही. बाहेरची वाफ आत येऊ नये म्हणून खोलीत राखलेला जादा दाब गेला, गॅसचा अलार्म वाजला, मेन ट्रिप झाला, तरी बँकेवर १९२ व्होल्ट तसेच असतात. बाहेरून तोडता येईल असा शंट ट्रिपचा डीसी ब्रेकर लावला, तरी टर्मिनल जिवंतच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बँक खोलीबाहेर, झोनबाहेर हलवा. जाड केबल, बँकेजवळ ब्रेकर आणि छोटी हवेशीर खोली एवढा खर्च एकदाच होतो; ती खोली तापत असेल, तर वरचा आयुष्याचा हिशेब मात्र धरा. केबल फार लांबली तर व्होल्टेज ड्रॉप मोजून घ्या. पुरवठादाराकडून या पर्यायाचा दर वेगळ्या ओळीत मागा, आणि पंखा बंद पडला की बूस्ट चार्जिंग आपोआप थांबेल, हे लेखी घ्या.

जुनी बँक भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवी. पुरवठादारच ती परत घेऊन तिकडे पाठवणार असेल, तर परतीची किंमत नव्या कोटेशनमध्येच वळती करून घ्या.