चेहऱ्यावरील सूक्ष्म जीव आणि मलमांचा गैरवापर

पनवेल व परिसरातून येणारे काही रुग्ण चेहऱ्यात ‘किडे’ असल्याचे ऐकून भयभीत होतात. त्यांच्या व आप्तांच्या माहितीसाठी हे टिपण देत आहोत.

डेमोडेक्स हा गोचिडाच्या कुळातील, सुमारे 0.3 मिलिमीटर लांबीचा, आठ पायांचा जीव होय. बर्लिनचे डॉ. गुस्ताव सायमन यांनी 1842 मध्ये त्याचे वर्णन केले. बहुतेक प्रौढांच्या रोमकूपांत तो निरुपद्रवीपणे राहतो. ते अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. मात्र एका चौरस सेंटीमीटर त्वचेत त्यांची संख्या 5 हून अधिक झाल्यास लाली, खाज व पुटकुळ्या यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. रोझेशिया या विकारात अशी वाढ वारंवार आढळते. तथापि तेच एकमेव कारण नव्हे.

या वाढीस स्टेरॉइडयुक्त मलमे हातभार लावतात. गोरेपणासाठी परस्पर आणलेले मलम आरंभी लाली दडपते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती क्षीण करते. ते बंद करताच त्रास उफाळतो व रुग्ण पुन्हा त्याकडेच वळतो. म्हणूनच केंद्र शासनाने 2018 मध्ये अशा 14 स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास प्रतिबंध केला.

निदानास त्वचेचा किंचित खरवडा व सूक्ष्मदर्शक पुरेसा असतो. उपचारार्थ आयव्हरमेक्टिनचे मलम उपलब्ध आहे. रुग्णांना आमची विनंती एवढीच, की चालू मलम एकाएकी न थांबवता त्याची नळी तपासणीस सोबत आणावी आणि आपले मलम इतरांस देऊ नये.